सुटणं येगळं, सोडणं येगळं

बसताना ते एकच चप्पल काढायचे. दुसरा पाय चपलेतच. माझ्या गिरणीतल्या बाकड्यावर टेकले तरी तसंच, कुणी हाक मारली की लगेच निघायच्या तयारीत. "आबा, नीट बसा की हो, डबा सांडाल कुणाचा तरी!" मी ओरडायचे. "बसतो, बसतो," म्हणायचे आणि उठून दारात जायचे. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. त्याच्याकडं बघून आपलाच जीव वर-खाली होतो.

आबा पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडणारे सरकारी नोकर. निवृत्त झाल्यावर इंदापुरात आमच्या गिरणीशेजारी राहायला आले. घराणं ख्रिस्ती. रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चला जायचे, आणि आल्यावर मला थोडं प्रवचन फुकट.

एकदा मी डिवचलंच. "तुमचं बरंय आबा. आठवडाभर काहीही करा, रविवारी देवापुढं डोळे मिटले की सुटलात!"

चिडतील असं वाटलं. पण ते डब्यातले गहू चिवडत म्हणाले, "सुटणं येगळं ताई, सोडणं येगळं. गाठ सैल झाली की दावं आपलं आपण सुटतं. सोडायला मातर कुणीतरी लागतं. मला येशूनं सोडलंय. त्येची किंमत त्यानं भरली, मी न्हाय."

"मग एवढी चुळबुळ कशाला?"

त्यावर ते उठून बाहेरच गेले.

कारण कळायला बरेच दिवस लागले. नोकरीत असताना शेळगावच्या बाजूला एका वजनदार माणसाच्या सांगण्यावरून आबांनी पाळी नसताना त्याच्या उसाला पाणी सोडलं होतं. बोंबाबोंब झाली, तेव्हा पाटाचं कुलूप तोडल्याचा आळ त्यांनी शेजारच्या एका मुसलमान शेतकऱ्यावर ढकलला. त्या चाचांना पोलिसांनी भर बाजारातून नेलं. पुढं केस बारगळली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अजूनही गावात त्यांच्या घराला 'पाणीचोराचं घर' म्हणतात.

"देवाला समदं सांगितलं," आबा म्हणाले. "चर्चचं पाळक म्हणले, क्षमा झाली, आता शांत ऱ्हावा. मी बी मानतो. पर चाचा सोडंल का?"

ते विचारायला ते शेळगावला निघायचे. स्टँडवर जायचे आणि केळी घेऊन परत यायचे. "यष्टी चुकली." परवा चुकली, काल चुकली, आजही चुकली. केळी खाऊन माझी पोरं वैतागली. शेवटी माझं डोकं फिरलं. गिरणी बंद केली, स्कूटी काढली आणि म्हटलं, "बसा मागं. आता कशी चुकते बघते!"

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. आबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. चाचांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुज्या देवानं सोडलंय म्हणतोस, मंग हितं कशाला आलास?"

"त्यानं सोडलं म्हणून तर येता आलं. न्हायतर पाय उचलत न्हवता."

"मंग मला कशाला सांगतोस? मी चोर न्हाय हे मला ठावं हाय. गावाला सांग."

दूध घालायची वेळ होती. डेअरीपुढं कॅन घेऊन निम्मं गाव उभं होतं. आबा तिथं गेले आणि पाटावरून हाक मारायच्या त्या जुन्या आवाजात ओरडले, "पाटाचं कुलूप मी उघडलं व्हतं! चाचानं न्हाय!" कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. तरी त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं. मला इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

चाचांनी आम्हाला चहा पाजला. पण "सोडलं" काही म्हणाले नाहीत.

मग काय विचारता! चुळबुळ दुप्पट झाली. गिरणीपुढं गाडी थांबली की आबा उठून उभे. "शेळगावचं कुणी हाय का?" मी खवळायचे, "अहो, देवाचं पुरत नाही का तुम्हाला?"

"मला पुरतंय ताई. पर चाचाच्या काळजात ते अजून सलत आसंल. त्यानं सोडलं तर त्योबी मोकळा हुईल."

हिवाळ्यात आबा गेले. पेटीत दोन्ही पाय पांढऱ्या मोज्यांत, सरळ. चपला घरी उंबऱ्याशी राहिल्या होत्या. पाळकांची प्रार्थना झाली, लोक माती देऊ लागले, आणि मागून काठी टेकत चाचा पुढं आले. त्यांनी मूठभर माती उचलली. बराच वेळ मूठ आवळून उभे राहिले. मग हळूच उघडली.

"सोडलं," ते म्हणाले.

मला बरं वाटायला हवं होतं. आला तो रागच. "चाचा, हेच तेव्हा म्हणायला काय झालं होतं हो? वाट बघून बघून गेला माणूस!"

चाचांनी मातीनं माखलेला तळवा बघितला.

"म्हणायचं तर व्हतं, पोरी. सुटतच न्हवतं."