डबल घंटी

कंडक्टरबाबा कुठल्याही घरात शिरले की आधी डोकी मोजायचे. लग्नाचं घर असो, मयताचं असो, नाहीतर लोणारमधलं आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर असो. उंबरठ्यात उभं राहून नजर पुढून मागे न्यायची, ओठ हलवायचे, आणि बेरीज जमली की मगच चप्पल काढायची. आम्ही नवे शेजारी म्हणून पहिल्यांदा आले, तेव्हा “जयभीम बाई” म्हणाले, मोजून घेतलं आणि जाहीर केलं, “दोन फुल्ल, एक हाफ, एक फुकट.” मग स्वतःच जीभ चावली. “चुकलं. आता बायायले बी हाफ हाय. एक फुल्ल, दोन हाफ, एक फुकट.”

फुकट म्हणजे आमचा दोन वर्षांचा अंशू. त्याला काही वाटायचं कारण नव्हतं. पण पहिलीत जाणारी आमची मुलगी, मैत्री, भयंकर चिडली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, ती शाळेच्या व्हॅनमध्ये एकटी बसायची, आणि कुणीतरी तिला अर्धं म्हणत होतं! “मी फुल्ल आहे,” ती म्हणाली. बाबांनी तिची उंची डोळ्यांनी मापली आणि मान हलवली. “बारा पूर्न झाल्याबिगर नाही. तुही आई बी हाफच हाय, पाय ना. या घरात फुल्ल एकटा तुहा बाप, अन् तो बी आज सुट्टी म्हनून घरी दिसला.” हे खरंच होतं. माझा नवरा मेहकरला नोकरीला, सकाळी सहाच्या गाडीनं जायचा आणि पोरं पेंगायला लागली की परतायचा.

बाबा मूळचे अमडापूरचे. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावर लोणारला आमच्या शेजारच्या खोल्यांत राहत होते. निवृत्त झाले म्हणजे एवढंच, की पगाराची जागा पेन्शननं घेतली. बाकी सगळं चालूच होतं. दारात कुणी घुटमळलं की “मागं सरका, मागं खाली हाय”, बायकोनं चहा आणला की “सुटे हायत का?” आणि कुणाच्याही घराबाहेर पडताना वाकून खाटेखाली एक नजर. शेवटच्या स्टॉपला सीटखाली पाहायची सवय. या सवयीमुळे मैत्रीचा हरवलेला मोजा, डब्याचं झाकण, टीव्हीचा रिमोट आणि एकदा तर अंशूनं लपवून ठेवलेली उकडलेली अंडी सापडली. तळं पाहायला येणाऱ्या पाहुण्यांवर मात्र त्यांचा राग होता. “लोकं विलायतेतून खड्डा पाहाले येतात. आमी तीस वर्सं खड्ड्यातूनच गाडी नेली, कोनी फोटो काढला नाही.”

तेव्हा माझी सकाळ म्हणजे रोजचं रणांगण होतं. मी दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करते. साडेआठला घर सोडावंच लागतं. शेजारच्या काकू, म्हणजे बाबांच्या बायको, अंशूला दिवसभर आनंदानं सांभाळायच्या. दिवसभराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो मी निघायच्या क्षणाचा. मी पर्स उचलली की अंशू माझ्या पायाला मिठी मारायचा आणि असा टाहो फोडायचा की समोरचा किराणावाला गिऱ्हाईक सोडून बाहेर येई. मी त्याला खेळण्यात गुंतवून मागच्या दारानं पळून पाहिलं. त्याचा परिणाम असा झाला, की तो मला न्हाणीघरातसुद्धा एकटी सोडेना. काकू सांगायच्या, मी गेल्यावर तासभर तो दारापाशी बसून राहतो, जेवत नाही. हे ऐकून मी दवाखान्यात दुसऱ्याच्या लेकराच्या बोटाला सुई टोचायची आणि माझेच डोळे भरायचे. शेवटी मी ठरवलं, पुरे झाली नोकरी. राजीनामा द्यायचा. पिंपळगाव राजाला माझ्या आईला तसं फोनवर सांगूनही टाकलं.

ते भिंतीपलीकडून बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकी शर्ट घालून आले. “काऊन बाई, सकाळी सकाळी गाडीतून उडी मारून पळता म्हने तुमी? प्याशिंजर न सांगता उतरला तं ड्रायव्हर शोधत राह्यते ना.” मला काही कळेना. त्यांनी व्हरांड्यात चार खुर्च्या रांगेनं मांडल्या. पुढे बादली पालथी घातली, तिच्यावर अंशूला बसवलं आणि त्याच्या हातात पोह्यांची रिकामी ताटली दिली. “हे तुहं स्टेरिंग.” मग आढ्याला नायलॉनची दोरी बांधून तिच्या टोकाला आपल्या भावाच्या बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी अडकवली. “ध्यानात ठेव ड्रायव्हर. एक घंटी का थांब. डबल घंटी का चाल. घंटीचा मान ठेवा लागते, आत मंत्री बसला असो का बकरी.”

टण टण झालं. अंशूनं तोंडानं घुर्रर्र केलं. त्याला अजून धड वाक्य येत नव्हतं, पण गिअर मात्र पडत होते. मैत्री उतरली तिच्या व्हॅनपाशी. मी पर्स मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसले होते, मनात धास्ती धरून, की आता रडेल, आता रडेल. बाबा ओरडले, “दवाखाना! दवाखान्यावाले उतरा!” टण. अंशूनं तोंडानं ब्रेक मारला. मी उठले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ओठ थरथरला, आणि बाबा कडक आवाजात म्हणाले, “ड्रायव्हरनं मागं पाहाचं नसते. मागचं पाहाले कंडक्टर हाय.” टण टण. अंशूनं मान समोर वळवली आणि गाडी नेली. मी गेटबाहेर आले आणि तिथंच भिंतीला टेकून रडले. तो रडला नव्हता म्हणून मीच रडले, दुसरं काय!

राजीनामा राहिला तो राहिलाच. पण गाडीचे कायदे निघाले. दवाखाना आमच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर, पण बाबांची गाडी जुन्या मार्गानंच जायची. सुलतानपूर, मेहकर, चिखली करत करत. ड्रायव्हर रंगात असला की माझा दवाखाना थेट अमडापूरच्या पुढे निघायचा. मेहकरला थांबा मोठा. “दहा मिनट! चहापानी करून घ्या!” अशी आरोळी झाली की अंशू तोंड उघडायचा आणि काकू वरणात कुस्करलेली भाकर भरवायच्या. घरात ताट घेऊन त्याच्यामागे धावूनही जे पोर घास घेत नव्हतं, ते मेहकरच्या थांब्यावर वाटी चाटूनपुसून साफ करायचं. एकदा मला खरंच उशीर झाला होता आणि मी मधूनच उतरायला लागले, तर बाबांनी आडवा हात घातला. “चालत्या गाडीतून उतरू नोका बाई, लेकराच्या डोळ्यादेखत तं नाहीच.” मी साहेबांना उशिराचं कारण काय सांगणार होते? चिखलीला गाडी थांबली नाही असं?

बाबांना एकच काम जमत नसे. अंशूनं चड्डी ओली केली की ते खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे व्हायचे आणि पुकारायचे, “ब्रेकडाऊन!” हे वर्कशॉपचं काम, कंडक्टरचं नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्कशॉप म्हणजे काकू. काकू फडकं घेऊन यायच्या आणि पोराचं आवरता आवरता मला ऐकवायच्या, “आमचा पोरगा येवढा व्हता तवा यायले टाइम नव्हता. रोज भाकर झाकून मी दारात बसो. आता रिटायर झाले तं दुसऱ्याच्या लेकराले गाडी शिकवून राह्यले.” यावर बाबा कधी उलट बोलत नसत. एकदाच, काकू आत गेल्यावर, घंटीची दोरी उगाच घट्ट करत ते म्हणाले, “माह्या पोरानं पयल्यांदा ‘बा’ म्हनलं, तवा मी खामगावच्या स्टँडवर व्हतो बाई. घरी आलो तवर तं तो झोपला व्हता.” आणि लगेच खुर्चीखाली वाकून पाहायला लागले.

गाडीचं वारं हळूहळू सगळ्या घरात शिरलं. संध्याकाळी आम्ही बुद्धवंदना घ्यायला बसलो, की शेवटचं ‘साधु, साधु, साधु’ झाल्यावर अंशू थाळीवर चमचा हाणायचा, टण टण, आणि मगच उठायचा. एकदा माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवसापासून डबल घंटी झाल्याशिवाय त्याही उठेनात. मैत्रीनं तर शाळेत कहर केला. मधली सुट्टी संपून पोरं वर्गाच्या दारात लोटालोटी करत होती, आणि आतून बाई बाहेर पडू पाहत होत्या. मैत्रीनं दोन्ही हात आडवे लावले आणि गरजली, “आधी उतरणाऱ्याले उतरू द्या!” पालकसभेत बाईंनी मला हे सांगितलं. मी ओशाळून काहीतरी पुटपुटले. बाई म्हणाल्या, “नाही हो, तेव्हापासून दारात एकही पोर पडलं नाही. तिलाच मॉनिटर केलंय.” हे बाबांना कळलं, तेव्हा त्यांनी मैत्रीला सलाम ठोकला. तरी हाफचं फुल्ल केलं नाही ते नाहीच.

मग एके दिवशी बाबा आले आणि डोकी न मोजताच खुर्चीत बसले. तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिनसलंय. “बदली झाली बाई,” ते म्हणाले. पुण्याला मुलाला मुलगी झाली होती. सूनबाईची रजा संपत आली होती, आणि मुलानं आई-वडिलांना कायमचं बोलावलं होतं. मी तोंडानं “अरे वा” म्हणाले. अंगणवाडीतल्या बाई ओळखीच्या होत्या, अंशूची दिवसाची सोय झाली असती. पण हा पोरगा बाबांना कसा सोडणार? आणि खरं सांगायचं तर बाबा त्याला कसे सोडणार?

बाबांनी त्यावर काढलेला उपाय ऐकून मी थक्क झाले. जायच्या दिवशी मुलाची कार सकाळीच दारात लागली होती. मी अंगण झाडायला बाहेर आले, तर बाबा हातात चपला घेऊन, पाय न वाजवता, आमच्या व्हरांड्यापुढून सरकत होते. मी हाक मारताच चोरासारखे दचकले. “लेकरू झोपेल हाय तवर जातो बाई. उगी रडन.” मला इतका राग आला म्हणून सांगू! “बाबा, प्याशिंजर न सांगता उतरला तर ड्रायव्हर शोधत राह्यते, कोण म्हणालं होतं?” त्यांनी चपला खाली ठेवल्या. मी आत जाऊन दोन्ही पोरांना उठवलं.

खुर्च्या मांडल्या. अंशू डोळे चोळत बादलीवर बसला. बाबा सवयीनं दोरीपाशी गेले, पण मैत्रीनं त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खुर्चीत नेऊन बसवलं. “आज तुम्ही प्याशिंजर. मी कंडक्टर.” बाबांनी पिशवी मांडीवर घेतली. “तिकीट?” मैत्रीनं विचारलं. “एक फुल्ल,” ते म्हणाले. मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, “नाही. दोन दे. तुहं बी फुल्ल.”

सुलतानपूर गेलं, मेहकर गेलं, तिथं कुणी चहापाणी केलं नाही. चिखली, अमडापूर. मग मैत्रीनं त्या मार्गावर कधी नव्हतं ते गाव पुकारलं. “पुणे! पुण्यावाले उतरा!” टण. अंशूनं गाडी थांबवली. बाबा उठेनात. वाकून सीटखाली पाहायला लागले, आणि पाहतच राहिले. खाली काही नव्हतं. “बाबा, उतरा ना,” मैत्री म्हणाली, “गाडी लेट होऊन राह्यली.” ते उठले, अंशूच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेटपाशी जाऊन उभे राहिले. आता डबल घंटी व्हायला हवी होती. होईना.

“कंडक्टर, डबल दे माय,” बाबा गेटमधून म्हणाले.

“मागं कोणी राहिलं का पाहून राह्यले,” मैत्री म्हणाली. तिचा आवाज भिजला होता. दोरी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, पण ओढली नाही.

घंटी नाही म्हणून गाडी हलेना, आणि गाडी हलेना म्हणून बाबाही हलेनात. त्यांचा मुलगा घड्याळ पाहू लागला. मी मैत्रीला समजवायला गेले आणि तिच्याच शेजारी उभी राहिले. बाबा परत व्हरांड्यात आले, दोरीला हात लावला. तीस वर्षं जी दोरी ओढली, तीच त्यांच्या हातानं ओढवेना.

मग कारचं दार उघडलं. आत केव्हाच्या बसलेल्या काकू खाली उतरल्या, पदर खोचत आल्या आणि नवऱ्याच्या हातातून दोरी काढून घेतली. “तीस वर्सं तुमच्या घंटीची वाट पाह्यली म्या,” त्या म्हणाल्या. “आता तथी पुन्याले नात वाट पाहून राह्यली. एका तरी लेकराले ‘बा’ म्हनते येळेले घरी राहा.” आणि त्यांनी दोरी ओढली. टण टण.

अंशूनं घुर्रर्र केलं आणि गाडी सोडली. बाबा कारमध्ये बसले, कार निघाली, कोपऱ्यावर वळली, तरी त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ताटली दोन्ही हातांत घट्ट होती, आणि मान सरळ समोर. मागचं पाहायला कंडक्टर होती. ती खुर्चीवर चढून, दोरी धरून, रस्ता रिकामा झाल्यावरही पाहत होती.