युरियाचं पाणी

"अजून एक मूठ," असं स्वतःशीच पुटपुटत चाचा हिरवळीवर युरिया फेकायचे. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा हात फिरायचा. मालेगावच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात ते माळी होते, मी व्यवस्थापक. लग्नाच्या फोटोत नवरीच्या आधी हिरवळ दिसली पाहिजे, एवढीच त्यांची हौस. असं एखादं हौशी माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

एकदा मोठं लग्न तोंडावर आलेलं. आभाळ भरलं असतानाही चाचांनी पोतंभर युरिया पसरला. दुपारी अवकाळी पाऊस कोसळला आणि सगळं पाणी उताराने मागच्या खड्ड्यात जाऊन साचलं. शेजारच्या कांताबाईंची दुभती म्हैस तिथे पाणी प्यायली. थरथरत खाली बसली, पोट फुगलं आणि डॉक्टर यायच्या आत गेली. कांताबाईंचं घर तिच्या दुधावर चालायचं.

मालकांनी आम्हाला बजावलं, साप चावला असेल म्हणायचं. चाचांनी टोपी नीट केली आणि कांताबाईंच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"बाई, सापानं नाही मारलं. माह्या खतानं मारलं."

"मंग आता कायले सांगून राह्यला?" एवढंच कांताबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर चाचांनी युरियाला हात लावला नाही. कुजलेलं शेणखत चाळून थोडं थोडं घालायचे, कापलेलं गवत तिथेच मुरू द्यायचे, आभाळ आलं की खताचं घमेलं उचलून आत ठेवायचे. हिरवळ फिकी पडली. मालक बोल बोल बोलायचे, चाचा मान खाली घालून ऐकायचे.

कडेचं उंच गवत मात्र ते वेगळं कापत आणि त्याची पेंढी मेलेल्या म्हशीच्या मागे राहिलेल्या पिल्लासाठी, वगारीसाठी, रोज कांताबाईंच्या दाराशी ठेवून येत. कांताबाई ती उचलून रस्त्यापलीकडे फेकत. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा ठेवत. मी एकदा म्हणालो, कशाला जाता? "ठेवनं माह्यं काम हाय," ते म्हणाले.

उन्हाळ्यात झाडांना पाणी देता देता चाचा पडले, ते उठलेच नाहीत.

त्या आठवड्यात पेंढी घेऊन मी गेलो. कांताबाई दारातच होत्या.

"चाचा काहून नाही आला?"

मी सांगितलं. त्यांनी पेंढी माझ्या हातातून घेतली, सोडली आणि वगारीपुढे टाकली. वगार खाऊ लागली. कांताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ रस्त्याकडे पाहत राहिल्या.