पलाऊ आणि पंधरा जूनचा स्टँप

ग्रीनकार्डाची वाट बघत सनीव्हेलमध्ये बसायचं, की तोवर जग बघायचं? केतकीनं जगाला मत दिलं आणि जून २००७मध्ये आम्ही दोघं पलाऊला निघालो! सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, ग्वाम आणि मग हा पॅसिफिकमधला एवढासा देश. प्रवास लांबलचक आहे, तिखटमिठाच्या पुऱ्या न्याच.

देश स्वतंत्र, पण नोटा डॉलरच्या आणि पत्त्यात झिप कोडही अमेरिकेचा. आम्हाला व्हिसा विमानतळावरच मिळाला, तोही फुकट.

कोरोरमध्ये एका मावशींच्या घरी खोली घेतली. त्यांची मुलगी ग्वामला, म्हणजे अमेरिकेच्याच बेटावर, नर्स. कुठल्या व्हिसावर, मी सवयीनं विचारलं. त्या हसल्याच. पलाऊच्या नागरिकाला अमेरिकेत राहायला, नोकरी करायला व्हिसा लागत नाही! माझा नुसता जळफळाट झाला. मग आम्हीच पलाऊचे होऊन जातो, म्हटलं. तेही जमणार नाही, त्या म्हणाल्या. रक्ताचं नातं हवं. नुसतं इथे जन्मून भागत नाही.

चौदा तारखेच्या नाश्त्याला मी ऐटीत सांगितलं, की आमचे अमेरिकेचे व्हिसा पंधराला संपतात आणि आम्ही पंधराच्याच संध्याकाळी होनोलुलूत असू. मावशींनी हातातली ताटली खाली ठेवली.

“पण तुमची व्हिसाची तपासणी ग्वामला होणार. तिथे तेव्हा सोळा तारीख असेल.”

डेटलाइन! दोन इंजिनियर, आणि हे सुचू नये? नोकरी, घर, गाडी सगळं तिकडे आणि आम्ही इकडे अडकलेले.

“फ्लाइट चेंज कर,” केतकी म्हणाली, “पण आजचं जेलीफिशचं तळं कॅन्सल केलंस ना यार, तर मी इथेच राहीन.”

मावशी दुसऱ्या दिवशी पहाटेच मुलीकडे निघणार होत्या. त्यांनी फोन फिरवून त्याच विमानात दोन सीट्स मिळवल्या. मग आम्ही धावतपळत बोट गाठली, टेकडी चढलो आणि तळ्यात उतरलो. चहूकडे हजारो सोनेरी जेलीफिश, खरवसासारख्या मऊ, अजिबात न डसणाऱ्या! आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल.

ग्वामला मावशी पासपोर्ट दाखवून मिनिटात पार. आमची जाडजूड फाइल: नोकरीच्या एक्स्टेन्शनचं पत्र, पे-स्लिपा, लग्नाचा दाखला.

“लास्ट डे,” अधिकारी एवढंच म्हणाला आणि शिक्का मारला.

आता सनीव्हेलमध्ये सगळे तळ्याबद्दल विचारतात, मीही रंगवून सांगतो. मनात मात्र काचेपलीकडे आमच्यासाठी थांबलेल्या मावशी असतात. पलाऊचं कुणाला होता येत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. तरी बाहेर उभ्या मुलीला आमची ओळख करून देताना त्या म्हणाल्या, “ही आपली माणसं.”