दोन इंच माया

आमच्या जाऊबाईंच्या तोंडात दिवसाचे निदान चार तास टाचण्या असतात. त्यामुळे त्यांचं बरंचसं बोलणं मिटल्या ओठांनीच चालतं आणि ते कळायला घरात नव्यानं आलेल्या माणसाला महिनाभर लागतो. मला दीड लागला. त्या म्हणायच्या 'कात्री दे', मला ऐकू यायचं 'खात्री दे', आणि मी आपली 'हो हो, अगदी नक्की' म्हणत शेजारी उभी.

खालच्या मजल्यावर त्या राहतात, वरच्या मजल्यावर आम्ही. मधे सतरा पायऱ्या. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. खिडकीपाशी मशीन, जुन्या दाराची फळी टाकून केलेलं कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. आरसा एकच, तोही इतका उंच टांगलेला की गळ्यापासून वरचंच दिसावं. "गिऱ्हाईक आरशाशी बोलायला लागलं की माझं ऐकत नाही," असं त्यांचं म्हणणं. निम्म्या गावातल्या बायका त्यांच्याकडे शिवायला टाकतात. दुसऱ्या शिंप्याकडे गेलं की माप दोन-तीन इंचांनी जास्तच निघतं, अशी या बायकांची तक्रार असते. आमच्या जाऊबाईंचा हात मात्र चांगला, असं सगळ्या एकमुखानं सांगतात. मीही सांगायचे.

माप घेताना त्या टेपमध्ये दोन बोटं घालतात, आकडा मोठ्यानं म्हणतात आणि लांबट वहीत लिहितात. एकेका बाईचं एकेक पान. आकड्यापुढे कुठे दोन, कुठे पाच अशी बारीक टिंबं असतात. ही कसली, म्हणून मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"माया," त्या टाचण्यांआडून म्हणाल्या.

शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून. त्याला शिवणकामात माया म्हणतात. जितकी टिंबं तितके इंच माया, असं मी समजले आणि विषय संपला.

माझी कंबर बेचाळीस. नऊ वर्षं बेचाळीस. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या फोनवर बसायची माझी नोकरी; दिवसभर खुर्ची सोडायची नाही आणि लोकांच्या शिव्या खायच्या. त्या पचवायला बरोबर काहीतरी खायला लागतंच, असा आपला माझा बचाव. जिने चढताना धाप लागायला लागली, गुडघे बोलायला लागले, पण कंबर बेचाळीसच. मग काय बिघडलं? वजनकाट्याच्या वाटेला मी जातच नव्हते. मधूनमधून उपास केले, पावडरी प्यायले, पहाटे चालून आले. जाऊबाई टेप लावायच्या आणि म्हणायच्या, "आहेस तिथंच आहेस." मला तेवढं पुरायचं.

मग साखर इतकी वाढली की रोज सुई टोचायची पाळी आली. झोपेत माझा श्वास मधेच थांबतो, हे आमच्या ह्यांनी घाबरत घाबरत सांगितलं. इस्पितळात काट्यावर उभं केलं तेव्हा आकडा निघाला एकशे अठ्ठावीस किलो. नर्सनं कमरेचंही माप घेतलं, पण सेंटिमीटरमध्ये, आणि सेंटिमीटर मला कधीच कळत नाहीत. सर्जन म्हणाले, आता नुसत्या पथ्यानं भागणार नाही. जठर लहान करायची शस्त्रक्रिया करावी लागेल, तीही वर्षाच्या आत, कारण हृदयावर ताण यायला लागलाय. विम्यातून झाली तरच आम्हाला परवडणार होती. विमा ऑफिसचा होता, म्हणून मी निर्धास्त होते.

विमा कंपनीचं उत्तर आलं. 'सदर शस्त्रक्रिया सौंदर्यवर्धनाच्या स्वरूपाची असल्याने दावा अमान्य करण्यात येत आहे.'

मी ते पत्र खाली नेऊन जाऊबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या इवल्या गादीत टोचल्या. जाऊबाई टाचण्या काढायला लागल्या की घरातली माणसं आपापल्या कामाला लागतात.

"सौंदर्य?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझं?"

मला हसू फुटलं, मग त्यांनाही. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग त्यांनी कापायचं टेबल रिकामं केलं, कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "लिही. मी सांगते."

त्या दिवसापासून आमच्या जाऊबाईंनी विमा कंपनीचा पिच्छा पुरवला. सातवीच्या पुढे शाळा न शिकलेली बाई, पण पत्र असं सांगायची की एक शब्द इकडचा तिकडे करायला नको. साखरेचे रिपोर्ट जोडले, गुडघ्यांचे फोटो जोडले, सर्जनकडे तीनदा जाऊन त्यांच्याकडून सविस्तर पत्र घेतलं. दर सोमवारी कंपनीला फोन. पलीकडून उत्तर यायचं, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' हे वाक्य मी स्वतः दिवसातून चाळीस वेळा लोकांना ऐकवते. ऐकणाऱ्याला ते किती लागतं हे मला तेव्हा कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवरचा माझा आवाज आपोआप खाली आला.

दोन महिन्यांनी कंपनी सौंदर्यावरून खाली उतरली. आता नवं खूळ निघालं. हा आजार किमान पाच वर्षं सतत असल्याचा लेखी पुरावा द्या, नवा असेल तर विम्यात बसत नाही. पुरावा आणायचा कुठून? आमच्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करून कधीच मुलीकडे मुक्काम हलवला होता. त्यांचे कागद रद्दीत गेले. मी तर इस्पितळाआधी काट्यावर पाय ठेवलेलाच नव्हता. फेरविचार समितीपुढे हजर राहायची तारीख आली आणि हातात काहीच नव्हतं.

दोन दिवस जाऊबाईंचं मशीन बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सतरा पायऱ्या चढून वर आल्या. काखेत मापाची वही होती.

"ही नेऊ या. नऊ वर्षांची मापं आहेत, तारखेसकट."

मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या. गुडघे नाही म्हणाले म्हणून राहिलं. बेचाळीस कंबर काही थोडी नव्हे. नऊ वर्षं अखंड बेचाळीस, याहून सतत ते काय असतं? मी त्यांना मिठी मारली. त्या काहीतरी पुटपुटल्या, ते मला कळलं नाही. टाचण्या नसतानाही.

विमा कंपनीचं ऑफिस पाचव्या मजल्यावर. काचेची खोली, थंडगार. खुर्च्यांना दोन्हीकडून हात होते. मी उभीच राहिले. अशा खुर्चीत बसले तर उठताना ती बरोबर येते. जाऊबाईंनी ते लगेच ओळखलं. "बिनहाताची खुर्ची आणा आधी," त्या म्हणाल्या, "मग बोलू." खुर्ची आली. समोर एक चष्मेवाले अधिकारी आणि पांढऱ्या केसांच्या एक डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

चष्मेवाल्यांनी माझं पान वाचलं. मग इस्पितळाचा कागद वाचला.

"इस्पितळातल्या मापाच्या चार महिने आधी तुमच्या वहीत कंबर बेचाळीस आहे," ते म्हणाले. "इस्पितळात एकशे पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे त्रेपन्न इंच. चार महिन्यांत अकरा इंच वाढली? तसं असेल तर आजार नवा आहे. नाहीतर वही चुकीची आहे."

त्रेपन्न. मला वाटलं, साहेबांचंच गणित चुकलं.

डॉक्टरीणबाईंनी वही पुढे ओढली. "आकड्यापुढे ही टिंबं कसली?"

"माया," मी लगेच सांगितलं. शिवणीतलं जादा कापड वगैरे सगळं समजावलं.

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"ती माया नाही. एक टिंब म्हणजे एक इंच. आकडा तिला सांगायला, टिंबं मला कापायला. बेचाळीस आणि अकरा."

डॉक्टरीणबाईंनी बोटानं टिंबं मोजली. अकरा. मग त्याच पानावर एकेक ओळ वर गेल्या आणि प्रत्येक तारखेपाशी थांबून मोठ्यानं म्हणाल्या, "बावन्न. एक्कावन्न. पन्नास. अठ्ठेचाळीस." माझी नऊ वर्षं त्या खोलीत अशी वाचली जात होती आणि मी बिनहाताच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"मग खरा आकडा का नाही लिहिला?" चष्मेवाले.

"वही टेबलावर उघडी असते. धाकटी येऊन वाचायची." जाऊबाईंनी पदार्थ चाखावा तशी जीभ ओठांवरून फिरवली. "पहिल्यांदा मी त्रेचाळीस म्हणाले, तर पडद्यामागं जाऊन रडली. दोन दिवस जेवली नाही. पुढच्या खेपेला मी बेचाळीस म्हणाले. मग म्हणतच राहिले."

"टिंबं काय, काल रात्रीही घालता येतात," चष्मेवाले म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. अशी शंका घ्यायचाच त्यांना पगार मिळतो.

जाऊबाईंनी पिशवीतून माझा ऑफिसचा जुना निळा झगा काढला आणि टेबलावर उलटा पसरला. कुशीच्या शिवणीला लागून सुईच्या भोकांच्या पुसट रेघा होत्या, एकीबाहेर एक. "दर खेपेला उसवला आणि सैल केला. माया संपल्यावर बगलेत पट्टी जोडली. मोजा." डॉक्टरीणबाईंनी रेघांवरून नख फिरवलं, वहीतल्या तारखा पुन्हा पाहिल्या आणि झगा स्वतःच्या हातानं नीट घडी घालून परत दिला.

"पंधरा दिवसांत कळवू," चष्मेवाले म्हणाले.

खाली उतरल्यावर मी फाटकाजवळच्या बाकावर बसले. मला राग आला होता, आणि तो मी गिळला नाही.

"नऊ वर्षं खोटं बोललात तुम्ही माझ्याशी! मी जगाला बेचाळीस सांगत फिरले. आधी कळलं असतं तर आधी डॉक्टरकडे गेले नसते का? हे सगळं एवढ्यावर आलं असतं का?"

"नसतं आलं," जाऊबाई म्हणाल्या. "तुझा श्वास थांबतो म्हणून कळलं, तेव्हापासून मी हेच म्हणतेय मनाशी. मला कापड सैल करता येतं, ते मी करत बसले. चुकलं माझं, धाकटे."

त्यांचे डोळे भरले होते. मी जाऊबाईंना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हासुद्धा त्या मशीनवर बसून होत्या. तरी माझा राग जाईना. बसमध्ये मी वेगळ्या बाकावर बसले, आणि दोन आठवडे सतरा पायऱ्या फक्त ऑफिसला जाण्यापुरत्या उतरले. त्यांच्या खोलीवरून जाताना मान वळवायची नाही, असं ठरवलं होतं. मशीनचा आवाज मात्र ऐकू यायचा आणि मला त्यांची आठवण यायची. जिन्याखाली राहणाऱ्या माणसाची आठवण येणं हे जरा अतिच, पण यायची.

पत्र आलं. दावा मंजूर. खाली कारणात लिहिलं होतं, 'सादर केलेल्या मापवहीतील नऊ वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरण्यात येत आहेत.' मी ते दोनदा वाचलं, आणि मग ह्यांना फोन करायच्या आधी खाली गेले. पत्र कापायच्या टेबलावर ठेवलं आणि हात वर करून उभी राहिले.

"माप घ्या. मोठ्यानं सांगा."

जाऊबाईंनी आधी पत्र वाचलं. मग गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती फिरवली. दोन बोटं आत घातली, काढली. "बे..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मी वाट पाहिली.

"त्रेपन्न."

मी रडले नाही. रडल्या त्या, टेप धरूनच, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी वहीत त्रेपन्न लिहिलं. टिंब नाही. त्या दिवशी मी खालीच जेवले.

शस्त्रक्रियेला आता वर्ष होत आलंय. जिना मी न थांबता चढते. सुई बंद झाली. गेल्या महिन्यात निळ्या झग्याच्या जागी नवा शिवायला टाकला, तेव्हा जाऊबाईंनी टेप लावली आणि टाचण्यांआडून काहीतरी म्हणाल्या. मला नीट कळलं नाही.

"काय?"

त्यांनी टाचण्या काढल्या. "बेचाळीस."

माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी टेप जिथे जुळली तिथेच चिमटीत धरून माझ्या हातात दिली. "तूच वाच."

मी वाचलं. मग वही ओढून स्वतःच आकडा लिहिला आणि टिंब द्यायला पेन टेकवलं, एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, टिंब कसलं घालतेस?"

"माया," मी म्हटलं. "दोन इंच ठेवा."