येतो म्हणायला

शेजारच्या काकू भाजी आणायला निघाल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "येते हं." रोजचंच आहे, पण आज तो शब्द मनात रुतून बसला.

पुण्यात शिकायला आलेला युसुफ आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. पॅलेस्टाईनमधल्या एका डोंगराळ खेड्यातला. एकदा सुट्टीत घरी निघताना तो आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत "जातो, आई" म्हणाला, तर आई केवढ्याने ओरडली! "अरे मेल्या, जातो म्हणू नये, येतो म्हणावं!" तेव्हापासून कोपऱ्यावर पाव आणायला जातानाही तो "येतो" म्हणायचा. आई मनात आलं की साताऱ्याला जाते आणि वाटेत कुणी कागद मागत नाही, याचं त्याला भारी नवल. त्याच्या वडिलांना स्वतःच्या विहिरीवर जायलाही सैनिकांनी फाटक उघडायची वाट बघावी लागायची.

काल त्याचा फोन आला. सैनिकांनी त्याचं अख्खं गाव उठवलं होतं. मेंढ्या, गाद्या, म्हातारी माणसं एकेका ट्रॅक्टरवर चढवली आणि मागे घरं पाडली. शिक्षण संपवून तो आता तिकडेच शहरात नोकरीला. रस्ते बंद, त्यामुळे त्याला पोचताच आलं नाही.

"निघताना वडील काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. येतो म्हणायला मागे कुणी राहिलंच नव्हतं."

मग तो म्हणाला, "बरं, जातो."

त्याला टोकायला माझी जीभ रेटली नाही.