एंटरकाकांचा विजय

एंटरकाकांचं खरं नाव त्यांच्या कचेरीतसुद्धा कुणी घेत नसे. पाणीपुरवठा खात्यातले संगणक सांभाळणं ही त्यांची नोकरी. कुणीही, कसलीही तक्रार घेऊन आलं की मान वर न करता ते म्हणत, "एंटर दाबा." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तेवढ्याने भागायचं. त्यामुळे हळूहळू त्यांच्या डोक्यात असं पक्कं बसलं, की जगात जे काही अडतं ते लोक उगाच वाचत बसतात म्हणून अडतं.

पण नोकरी आपली पोटापुरती. जीव सगळा लिनक्समध्ये. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकटातली प्रणाली. हौशी मंडळी तिचे आपापले अवतार तयार करून वाटतात. अशाच एका छोट्या अवताराचा इन्स्टॉलर, म्हणजे कोऱ्या संगणकावर ती प्रणाली बसवून देणारा प्रोग्राम, काकांनी तरुणपणी लिहिला होता. निळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र औषधालाही नाही. एंटर दाबत जा, संगणक तयार! आलेल्या पाहुण्याला काका तो दाखवल्याशिवाय सोडत नसत, त्यामुळे पाहुणेही हल्ली कमी झाले होते.

अशात त्या मंडळींत एक चष्मेवाली आली. हुशार आणि वर गोड बोलणारी, म्हणजे काकांच्या मते दुप्पट धोकादायक. तिने नवा इन्स्टॉलर लिहायला घेतला, तोही ब्राउझरमध्ये चालणारा, वेबच्या पानासारखा. दुसऱ्या खोलीतून, अगदी फोनवरूनसुद्धा प्रणाली बसवता येईल म्हणे; अक्षरं मोठी करता येतील, माणूस चुकण्याआधी त्याला सावध करता येईल. काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "चार खिळे ठोकायला अख्खा कारखाना घरात आणायचा का? जुन्या मशिनवर तो ब्राउझर उघडेपर्यंत माणूस म्हातारा होईल!" शेवटी रविवारच्या ऑनलाइन सभेत मतदान ठरलं. हरलो तर आपलं आयुष्यभराचं काम अडगळीत जाणार, हे काकांना कळत होतं. त्यांना जेवण गोड लागेना.

म्हणून शनिवारी सकाळी त्यांनी बेत केला. दोन्ही इन्स्टॉलर एकाच जुनाट संगणकावर चालवायचे, व्हिडिओ काढायचा आणि सभेत लावायचा. घरातला सगळ्यात जुना संगणक काकूंचा. काकू शिवणकाम करत, पण तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसतच नाहीत अशा लोकांचं. कुणाचा एक खांदा खाली, कुणी चाकाच्या खुर्चीत. प्रत्येकाची मापं घेऊन त्या संगणकावर कटिंगचा नमुना काढत. मापं कागदावर लिहू नकोस, थेट संगणकात घाल, हे त्यांना काकांनीच शिकवलं होतं.

"माझ्या कामाला धक्का नाही ना लागणार?" काकूंनी विचारलं.

"अगं, वेगळी रिकामी डिस्क जोडतोय त्यात. तुझ्या डिस्ककडे मी बघणारसुद्धा नाही."

हा शब्द काकांनी अगदी तंतोतंत पाळला.

आधी चष्मेवालीचा इन्स्टॉलर. ब्राउझर उघडायला इतका वेळ लागला की काकांनी खुशीत चहा करून घेतला. मग पडद्यावर दोन डिस्कांची चित्रं आली. काकूंच्या डिस्कखाली लिहिलं होतं, की हिच्यात कुणाच्या तरी फाइली आहेत. पुसायचीच असेल तर डिस्कचं नाव स्वतः टाइप करा. "बघा, बघा हे लाड!" काका कॅमेऱ्याला म्हणाले. "आता हा माझं बोट धरून मला रस्ता ओलांडून देणार!" त्यांनी रिकामी डिस्क निवडली आणि प्रणाली रखडत रखडत बसली एकदाची.

"आता आमचं बघा!" निळा पडदा आला. काका कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलत होते आणि बोटं आपली सवयीने एंटर, एंटर, एंटर करत होती. कचेरीतल्या प्रत्येक संगणकात एकच डिस्क, त्यामुळे कुठली डिस्क हा प्रश्न त्यांना कधी वाचावाच लागला नव्हता. त्यांचा इन्स्टॉलर तो विचारायचा, आणि नुसतं एंटर दाबलं तर पहिली डिस्क पुसायला घ्यायचा. पहिली काकूंची होती. "डोळ्याचं पातं लवायच्या आत!" काका म्हणाले, आणि मग पडद्याकडे वळले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दिवसभर खटपट करून हाती आले ते फाइलींचे निव्वळ तुकडे. काकूंकडे एक प्रत होती, पण जुनी. गेल्या हिवाळ्यापासूनचं सगळं काम गेलं होतं.

काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीत टेकल्या. "अहो, त्या ग्रंथपाल बाईंचा कोटही गेला का? त्यांच्या पाठीला केवढा बाक आहे. मापं द्यायला तयारच नव्हत्या, किती मनधरणी केली मी. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि टेप पाठीला लागली तशा रडायला लागल्या. म्हणाल्या, एवढं एकदाच हं."

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसरा व्हिडिओ काढणं काही अवघड नव्हतं. ते मनात आलं नाही असंही नाही. पण रविवारी सभेत काकांनी जसा होता तसा, अख्खा व्हिडिओ लावला. आणि काय व्हावं? मंडळी टाळ्याच वाजवायला लागली! "काय वेग आहे!" "याला म्हणतात इन्स्टॉलर!"

"अहो, ती डिस्क माझ्या बायकोची होती," काका म्हणाले. "सगळं गेलं तिचं."

"ती तुमची चूक, काका," एकजण समजूत घालत म्हणाला. "प्रोग्रामने विचारलं होतं की!"

"मीच लिहिलाय तो, आणि मीच वाचलं नाही. मग दुसरं कोण वाचणार?"

हा काकांचा मोठेपणा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मतदान झालं. जुना इन्स्टॉलर दणदणीत मतांनी जिंकला. काकांनी आपलं मत चष्मेवालीला दिलं होतं, पण त्याने काही फरक पडला नाही. अभिनंदनाचे संदेश धडाधड येऊ लागले. तिचाही आला.

काकू दारात उभ्या होत्या. "काय झालं?"

"जिंकलो."

"छान." त्यांनी फोन काकांच्या हातात ठेवला. "आता त्या बाईंना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून नाही निघायचं."

काकांनी फोन लावला. पलीकडचा आवाज अगदी आनंदी होता.

"झाला का माझा कोट?" बाईंनी विचारलं.

काकांनी सांगितलं. कसं गेलं, कुणी घालवलं, काही हातचं राखलं नाही.

"म्हणजे पुन्हा मापं द्यायची?" बाई हळूच म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.