डोळे मिटून समुद्र

तलासरीच्या आमच्या कंपनीत ताण घालवायचं प्रशिक्षण ठेवलं, तेही नेमकं माल पाठवायच्या दिवशी. माझ्या टेबलावर चलनांचा ढीग, आणि मुंबईहून आलेल्या बाईंनी आधी सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत ठेवून घेतले. सकाळपासून वारा सुटला होता. आमच्या धाकटी डहाणू गावाहून पहाटे गेलेली वडिलांची बोट दुपारपर्यंत परतली नव्हती आणि मी आईच्या फोनची वाट बघत होते.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या, "समोर समुद्र आणा. बघा, कसं शांत वाटतं."

मी मच्छीमाराच्या घरातली पहिली पदवीधर. समुद्र बघून शांत वाटायला तिथे सुट्टीसाठी जावं लागतं. मी डोळे उघडेच ठेवले.

"तुम्हाला जमत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, माझे वडील त्याच समुद्रात आहेत. मोबाइल द्या, लगेच शांत होते."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी घसा खाकरला. बाईंनी टोपली पुढे केली.

मी आईला फोन लावला.

"आले गो कधीचे, जेवतायत," ती म्हणाली. "कितीदा लावला तुला, माझा जीव वरखाली. एवढी शिकलीस, नि फोन उचलता येत नाय?"